तीन टक्क्यांचा काळ आणि चिंतामणराव देशमुख

फेब्रुवारी ते जून २०२५ या पाच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर तीनदा उतरवला. साडेसहा टक्क्यांचा दर साडेपाचवर आला. या बातमीचे एकाच घरात दोन अर्थ झाले. घराच्या कर्जाचे हप्ते भरणाऱ्या मुलाला हायसे वाटले आणि मुदत ठेवीच्या व्याजावर औषधपाणी भागवणाऱ्या वडिलांच्या कपाळावर आठी पडली. व्याजदर उतरला की नेमके कोणाचे भले होते, हा प्रश्न या देशात जुनाच आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या कर्तृत्वाची ऐन वर्षे याच प्रश्नाच्या सोबतीने गेली. ते मराठी होते आणि त्यांनी अखेरचा श्वास आपल्या हैदराबादेत घेतला. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र, त्यातही या प्रश्नाशी गुंतलेला भाग, वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही ठरवले.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरात, महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्याला वकिली करत. आईचे नाव भागीरथीबाई. घरी थोडी जमीन आणि विद्येची ओढ. रोह्यात सुरुवातीचे शिक्षण झाल्यावर मुलगा मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्याने वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले व वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत तो पहिला आला. अर्थशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. पुढे देशाचा पैसा सांभाळणाऱ्या या माणसाचे शास्त्रीय शिक्षण झाडापानांचे होते, आणि बागकामाची आवड त्याला जन्मभर राहिली.

नेमणूक मिळाली ती मध्यप्रांत-वऱ्हाडात. जवळजवळ दोन दशके चिंतामणराव तिथेच होते. जिल्ह्याचा कारभार, जमाबंदीचे काम आणि पुढे सचिवालयात महसूल व अर्थ खाते, अशा पायऱ्या त्यांनी लहान वयात चढल्या. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी सचिव म्हणून ते लंडनलाही जाऊन आले. आमच्या दृष्टीने मात्र त्यांच्या या काळातले मोठे शिक्षण जमाबंदीच्या दप्तरात झाले. जमाबंदी करणाऱ्या अधिकाऱ्याला गावोगाव फिरावे लागते. कोणाची जमीन किती, पीक काय, सारा किती आणि डोक्यावर कर्ज किती, हे सारे त्याच्या नजरेखालून जाते.

त्या वर्षांत या कर्जाने शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापूस, गहू, तांदूळ सगळ्यांचे भाव कोसळले. सावकाराच्या वहीतला आकडा मात्र जिथल्या तिथे राहिला. शंभर रुपयांचे कर्ज फेडायला पूर्वी जितका कापूस विकावा लागे, त्याच्या जवळपास दुप्पट आता विकावा लागू लागला. कागदावरचे व्याज तेच, पण त्याचे ओझे वाढले. भाव उतरत असताना व्याजदर उतरला नाही तर कर्जदार कसा चेपला जातो, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधायची गरज नाही. मध्यप्रांताने १९३३ मध्ये कर्जाच्या तडजोडीसाठी कायदा केला तो याच परिस्थितीत.

इकडे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे काम सुरू झाले. जुलैमध्ये तिने आपला पहिला बँक दर साडेतीन टक्के जाहीर केला. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांना दर आणखी खाली हवा होता, तर सरकारचे अर्थसदस्य सर जेम्स ग्रिग यांचे मत उलट होते. अखेर २८ नोव्हेंबर १९३५ रोजी दर तीन टक्क्यांवर आला. या दोघांचे अनेक बाबतींत बिनसले आणि स्मिथसाहेबांनी मुदतीआधी पद सोडले. त्यांनी उतरवलेला तीन टक्क्यांचा दर मात्र पुढे सोळा वर्षे कोणी हलवला नाही.

बँक दर म्हणजे काय, हे इथे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. व्यापारी बँकांना पैशांची चणचण भासली की त्या रिझर्व्ह बँकेकडे हुंड्या वटवतात किंवा सरकारी रोखे तारण ठेवून उचल घेतात. त्या उचलीवर द्यावे लागणारे व्याज तो बँक दर. आज रेपो दर साधारण हेच काम करतो. हा दर उतरला की बँकेला पैसा स्वस्त पडतो आणि ती गिऱ्हाइकाला थोड्या कमी व्याजाने कर्ज देऊ शकते. व्यापारी जास्त माल भरून ठेवतो. गिरणीमालक नव्या मागांचा हिशेब पुन्हा मांडून पाहतो, आणि जो बेत काल तोट्याचा दिसत होता तो आज परवडेल असे त्याला वाटते. सरकारलाही कर्ज स्वस्तात मिळते. जुन्या रोख्यांचे भाव चढतात, कारण साडेतीन टक्के देणारा शंभराचा बेमुदत रोखा बाजाराचा दर तीनवर आल्यावर एकशे सोळा-सतरा रुपयांना जाऊ शकतो. नव्याने पैसे ठेवणाऱ्याला मात्र कमी व्याज मिळते. म्हणजे दरकपातीत कर्जदाराचा फायदा आणि ठेवीदाराचा तोटा होतो, आणि कामधंदा वाढून रोजगार मिळाला तर दोघांचाही लाभ होतो.

पण ही साखळी पुढे सरकायला दोन गोष्टी लागतात. पहिली, बँकेपासून माणसापर्यंत रस्ता हवा. दुसरी, वाढलेल्या मागणीला पुरेल इतका माल तयार होण्याची सोय हवी. धरणाचे दार उघडले तरी चारी खणलेली नसेल तर शेत कोरडेच राहते. १९३५ च्या हिंदुस्थानात शहरातल्या व्यापाऱ्याला बँक माहीत होती. खेड्यातल्या कुणब्याला माहीत होता तो सावकार आणि त्याची सवाई-दिढी. मुंबईत दर अर्ध्या टक्क्याने उतरल्याची खबर वऱ्हाडातल्या कापसाच्या शेतापर्यंत पोहोचण्याचे काही कारणच नव्हते.

चिंतामणराव रिझर्व्ह बँकेत आले जुलै १९३९ मध्ये, सरकार आणि बँक यांच्यातला दुवा सांभाळणारे अधिकारी म्हणून. दोन महिन्यांत युद्ध पेटले. काही काळातच ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्या जागेवर चिंतामणरावांची नेमणूक झाली. त्या वेळी ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. बँकेच्या सर्वोच्च खुर्चीवर प्रथमच एक भारतीय बसला, आणि तोही बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत असताना, भाव रोज चढत असताना.

भाव का चढत होते? ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून युद्धासाठी कापड, धान्य, ताग, चामडे, लोखंड असे सगळे उचलत होते. त्याची किंमत लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंडांत जमा होई. त्या पौंडांच्या आधारावर इथे रुपयांच्या नोटा छापल्या जात. माल देशाबाहेर किंवा फौजेकडे गेला आणि नोटा मात्र देशात राहिल्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा जवळपास सहापट झाल्या आणि घाऊक भाव दुपटीहून बरेच वर गेले. बँक दर मात्र तीन टक्क्यांवर होता तसाच होता.

हा दर जाणूनबुजून खाली ठेवला होता. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सरकारला कर्ज हवे होते आणि ते तीन टक्क्यांच्या आसपास मिळवायचे होते. कर्जरोखे विकण्याचे काम रिझर्व्ह बँकेचे. ज्या मध्यमवर्गीय माणसाने देशात किंवा बँकेत विश्वास ठेवून आपली पुंजी तीन टक्क्यांच्या कागदात घातली, त्याला व्याज वेळेवर मिळाले, मुद्दलही बुडाले नाही. पण त्या मुद्दलात युद्धाआधी जितके धान्य येत असे त्याच्या निम्मेही युद्धानंतर येईना. कमी व्याज आणि चढते भाव एकत्र आले की बचत करणारा कसा नकळत लुटला जातो, हे त्या पिढीने सोसले. लढाई संपल्यावर १९४६ मध्ये तर सरकारने जुन्या साडेतीन टक्क्यांच्या कागदांच्या जागी तीन टक्क्यांचे कागद देऊ केले. त्या काळचे पेन्शनर आणि विधवा स्त्रिया यांच्या ट्रंकांत असे सरकारी कागद असत. त्यांच्या मिळकतीला ही कात्री लागली.

यात चिंतामणरावांचा वाटा किती, हा प्रश्न टाळता येणार नाही. युद्धाचे धोरण लंडन आणि दिल्ली ठरवत होते. गव्हर्नरला नोटा छापू नका असे म्हणण्याची मुभा नव्हती, कारण पौंड जमा झाले की रुपये देणे हा कायद्याचाच भाग होता. असे असले तरी स्वस्त पैशाच्या त्या धोरणाचा कारभार त्यांच्याच काळात, त्यांच्याच सहीने चालला, हेही खरे. त्यांचे मोठेपण सांगताना ही बाजू झाकून ठेवू नये, असे आम्हाला वाटते.

जे त्यांच्या हातात होते ते त्यांनी नेटाने केले. लंडनमध्ये साठलेल्या पौंडांतून हिंदुस्थानचे ब्रिटनकडचे बहुतेक जुने कर्ज फिटले आणि वर १९४६ पर्यंत सुमारे सतराशे कोटी रुपयांचे येणे शिल्लक राहिले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे परिषद झाली. तिथून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म झाला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफही होते. हे पौंड अडकून न पडता वापरता यावेत यासाठी त्यांनी तिथे मांडणी केली. ब्रिटनने हा आपला आणि हिंदुस्थानचा आपसांतला मामला असल्याची भूमिका घेतली आणि ती मागणी मान्य झाली नाही. पण पारतंत्र्यातला देश आपले येणे मागायला जगासमोर उभा राहिला आणि ते काम मुद्देसूद केले, याची दखल घेतली गेली. पुढे नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या १९५० मधील पॅरिसच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद चिंतामणरावांकडे आले.

बँकेच्या आत त्यांनी केलेले एक काम बाहेर फारसे बोलले जात नाही. १९४५ मध्ये बँकेत संशोधन आणि संख्याशास्त्र विभाग उभा राहिला आणि जानेवारी १९४७ पासून बँकेची मासिक पत्रिका निघू लागली. दर बदलल्याचा परिणाम कोणावर, किती दिवसांनी, किती होतो, हे अंदाजपंचे सांगून चालत नाही. त्यासाठी आकडे गोळा करावे लागतात. जमाबंदी केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागले नसावे.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. काही महिने रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची बँक होती. नोटा, सोने, देणी-घेणी यांची वाटणी करण्याचे किचकट काम ३० जून १९४८ पर्यंत चालले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी व्यापारी बँकांवर देखरेखीचे अधिकार देणारा बँकिंग कायदा आला. ३० जून १९४९ रोजी चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. इंग्लंडमध्ये १९२० साली ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता त्या पत्नी रोझिना यांचेही त्याच वर्षी निधन झाले.

निवृत्ती फार टिकली नाही. पंडित नेहरूंनी त्यांना आधी नियोजन आयोगात आणि जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर, १९५० च्या मध्यावर, अर्थमंत्रिपदावर बोलावले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

अर्थमंत्री होऊन महिना होतो न होतो तोच कोरियात लढाई सुरू झाली. जगभर कच्च्या मालाचे भाव भडकले. इथेही व्यापारी स्वस्त कर्ज काढून माल दडपून ठेवू लागले. तीन टक्क्यांचा दर आता कारखाना उभारायला कमी आणि गोदाम भरायला जास्त कामी येत होता. अखेर १५ नोव्हेंबर १९५१ रोजी बँक दर साडेतीन टक्के झाला. सोळा वर्षांनंतर तो प्रथमच हलला. त्या वेळी गव्हर्नर सर बेनेगल रामा राव होते आणि अर्थमंत्री चिंतामणराव. ज्या दराची राखण त्यांनी गव्हर्नर असताना केली, तो वर नेण्याची वेळ त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात आली.

अर्धा टक्का म्हणजे फार नव्हे. त्याबरोबर केलेला दुसरा बदल अधिक परिणामकारक होता. तोपर्यंत बँकांना हंगामात पैसा हवा असला की त्या आपले सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला चांगल्या भावाने विकत. आता रोखे सहसा विकत घेतले जाणार नाहीत, तारण ठेवून व्याजाने उचल घ्यावी लागेल, असे बँकेने जाहीर केले. म्हणजे दर केवळ फलकावरचा आकडा न राहता बँकांना खरोखर मोजावा लागणारा झाला. जानेवारी १९५२ मध्ये हुंड्यांच्या आधारावर उचल देण्याची योजना सुरू झाली, म्हणजे खऱ्या व्यापाराला पैसा अडू नये. १९५२ च्या सुरुवातीला भाव एकदम घसरले. त्याचे सगळे श्रेय बँक दराला देणे बरोबर नाही, कारण परदेशातली तेजीही त्याच सुमारास ओसरली होती. पण साठेबाजांच्या पायाखालचा स्वस्त पैसा निघाला, एवढे निश्चित.

आता खेड्याकडे वळू. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ समितीत होते. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे पाहिली गेली. १९५४ मध्ये अहवाल आला तेव्हा दिसले ते असे. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन रुपये होता. सरकारच्या तगाईचाही तेवढाच. व्यापारी बँकांचा वाटा एक रुपयासुद्धा भरत नव्हता. सत्तर रुपयांच्या आसपास कर्ज सावकारांचे होते.

हे आकडे वाचले की सोळा वर्षांच्या तीन टक्क्यांचा हिशेब लागतो. बँक दर तीन असो की साडेतीन, ज्याला शंभरातला एक रुपयाही बँकेतून मिळत नाही त्याला त्याचे सुतक ना सोयर. स्वस्त पैशाचा लाभ सरकारने, गिरण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी घेतला. भाववाढीचा चटका मात्र दाणे विकत घेऊन खाणाऱ्या शेतमजुरालाही बसला.

उपाय म्हणून समितीने इंपीरियल बँक सरकारी ताब्यात घेऊन तिच्या शाखा लहान गावांत काढण्याची शिफारस केली. चिंतामणरावांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात तसा कायदा झाला आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले आणि ते तिने पाळले. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरणही त्यांनीच जाहीर केले. त्यातून त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

आपल्या हैदराबादेतही या घडामोडींचा धागा आहे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का वेगळा चाले. शंभर भारतीय रुपयांना साधारण एकशे सोळा हाली रुपये पडत. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी पगाराचा आकडा हालीत की कलदारात, हा प्रश्न असे. चिंतामणराव गव्हर्नर असताना त्यांच्या बँक दराला इथल्या चलनात थेट जागा नव्हती. पोलीस कारवाईनंतर, पन्नाशीच्या दशकात, हाली शिक्का मागे पडून सगळीकडे भारतीय रुपया आला. निजामाच्या सरकारने १९४१ मध्ये काढलेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या छत्राखाली गेली आणि स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. आपल्यातल्या कितीतरी घरांत तिचे पासबुक आणि तिथली नोकरी होती. २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली.

१९५६ मध्ये चिंतामणरावांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग आला. भाषावार प्रांतरचनेत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या अखत्यारीत ठेवण्याचा निर्णय झाला. मुंबईत आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गोळीबाराची चौकशी व्हावी, मंत्रिमंडळात रीतसर विचार होऊन मगच असे निर्णय घ्यावेत, ही त्यांची भूमिका होती. ती मानली जात नाही असे दिसल्यावर जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत त्याची कारणे सांगितली. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. अर्थमंत्रिपद सोडायला ती सोयीची वेळ मुळीच नव्हती. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. त्या लढ्यात ज्यांचे प्राण गेले त्यांच्यापुढे मंत्रिपद सोडणे लहानच. तरीही दिल्लीतल्या एका मराठी मंत्र्याने खुर्ची सोडून दिली, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने विशेष जपून ठेवली आहे.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढवली, तीत ते तिसरे आले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. या सगळ्या धामधुमीत संस्कृत सुटले नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली आणि स्वतःची संस्कृत कविताही लिहिली.

१९५३ च्या जानेवारीत त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्या, नियोजन आयोगाच्या सदस्या आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापिका. मराठी अर्थमंत्री आणि तेलुगू समाजसेविका यांचे हे लग्न हैदराबादच्या लोकांना परके वाटण्याचे कारण नव्हते. मराठी आणि तेलुगू घरांचा शेजार इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. खैरताबादजवळच्या बेला व्हिस्टा या जुन्या महालात सुरू झालेल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद चिंतामणरावांनी कित्येक वर्षे सांभाळले. उतारवयात दोघेही हैदराबादेत राहिले. दुर्गाबाई ९ मे १९८१ रोजी गेल्या. त्यानंतर वर्षही पुरे व्हायच्या आत, २ मे १९८२ रोजी, चिंतामणरावांचे इथेच निधन झाले.

त्यांच्या चरित्रातून आजच्या प्रश्नाला काय उत्तर मिळते? आम्हाला असे दिसते की व्याजदर उतरवणे हे एका सहीचे काम आहे. ती सही कोणाच्या उपयोगी पडेल हे त्याआधीच्या कित्येक वर्षांत ठरलेले असते. मंदी असेल, हात रिकामे असतील, कारखाने निम्मे चालत असतील, तर उतरलेला दर कामधंद्याला चालना देतो. माल मुळातच कमी असेल तर तोच दर भाव चढवतो आणि साठवलेल्या पैशाची किंमत खातो. आणि ज्या माणसापर्यंत बँक पोहोचलीच नाही त्याला दर चढला काय नि उतरला काय, सारखेच.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घरासाठीची बदलत्या व्याजाची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात, त्यामुळे कपातीचा लाभ हप्त्यापर्यंत किंवा मुदतीपर्यंत येतो. ज्यांचे कर्ज त्याआधीचे, जुन्या पद्धतीचे आहे, त्यांनी बँकेत जाऊन ते बदलून घेता येते का हे विचारावे. निवृत्तांनी ठेवीचे व्याज पाहताना महागाईचा दर शेजारी ठेवून पाहावा, कारण सात टक्के व्याज आणि सात टक्के महागाई यांत हाती काही उरत नाही, तर पाच टक्के व्याज आणि दोन टक्के महागाई यांत उरते. आणि आपल्याकडे घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, रोजच्या रोज दहा टक्के कापून कर्ज घेणाऱ्या माणसांची आठवण ठेवावी. त्यांच्या कर्जाचा दर अजूनही मुंबईत ठरत नाही. रोह्याच्या वकिलाच्या मुलाने जो रस्ता बांधायला घेतला तो त्यांच्या दारापर्यंत अजून पुरा व्हायचा आहे.